बदल केला, बिल्ड झालं, तरी प्रोग्रॅम जुनाच दिसतोय: कुठे कुठे पाहायचं

आधी लक्षणं.

- कोड बदलला, बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणं) एकही एरर न देता पूर्ण झालं, प्रोग्रॅम उघडला, तर बटण होतं तिथेच.
- प्रिंटची ओळ टाकली, पण टर्मिनलवर काहीच उमटत नाही. कमांड दिल्याबरोबर विंडो उघडते आणि प्रॉम्प्ट लगेच परत येतो.
- डीबगरमध्ये ब्रेकपॉइंट लावला आहे, पण प्रोग्रॅम तिथे कधी थांबतच नाही.
- टर्मिनलवरून चालवलं तर नवं, मेनूतल्या आयकॉनवरून चालवलं तर जुनं.
- आणि सगळ्यात डोकं फिरवणारं: बदल मागे घेतला, तरी तो दिसतोच आहे.

यातलं एक जरी तुमच्याकडे होत असेल तर कोड पुन्हा पुन्हा वाचत बसू नका. मुक्त स्रोत प्रकल्पांत पहिला पॅच (कोडमधली दुरुस्ती) द्यायला आलेल्यांना मी ही अडचण कितीतरी वेळा सोडवून दिली आहे, आणि त्याहून जास्त वेळा स्वतःची सोडवली आहे. बहुतेक वेळा कोड बरोबर असतो. आपण दुरुस्त करतो एक प्रत आणि चालवतो दुसरी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये हे जास्त होतं, कारण ज्या प्रोग्रॅमवर काम करायचं तोच आधीपासून त्याच मशीनवर बसवलेला असतो, रोज वापरात असतो आणि दिसायला अगदी तसाच असतो. तेव्हा ‘माझा कोड का चालत नाही’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘चालतोय तो कोणता कोड’ हे आधी शोधायचं.

(कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीतच द्यायची. उदाहरणं मुख्यतः लिनक्सची आहेत.)

फाइल सेव्ह केली का, आणि शाखा कोणती?

हसू नका. एडिटरच्या टॅबवर न सेव्ह झालेल्या फाइलचा ठिपका तसाच असतो आणि आपण अर्धा तास बिल्ड करत बसतो. ‘गिट स्टेटस’ द्या (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन). बदललेल्या फाइलींत तुमची फाइल दिसली पाहिजे आणि शाखाही (ब्रँच) तुमचीच हवी. एकाच प्रकल्पाच्या दोन प्रती वेगवेगळ्या फोल्डरमध्ये असतील, किंवा ‘गिट वर्कट्री’ वापरत असाल, तर एडिटर एका फोल्डरमध्ये आणि टर्मिनल दुसऱ्यात असं सर्रास होतं. बिल्ड दिल्यावर निंजा (बिल्ड करणारं साधन) ‘नो वर्क टू डू’ म्हणाला, तर तो खरंच सांगतोय: त्याच्या नजरेत काहीही बदललेलं नाही. हा संदेश लोक यश समजून पुढे जातात. फाइल बदलल्यानंतरच्या पहिल्याच बिल्डला तो आला, तर तो धोक्याचा इशारा आहे.

मुद्दाम मोडून पाहा

माझी सगळ्यात आवडती तपासणी हीच. खर्च शून्य, आणि शोधाचं क्षेत्र एका फटक्यात अर्ध्यावर येतं.

ज्या फंक्शनमध्ये बदल केला आहे तिथेच काहीतरी निरर्थक लिहा. मी ‘झेंडू’ लिहितो, रोमन लिपीत, अवतरणचिन्हांशिवाय, सेमिकोलनशिवाय. आता बिल्ड द्या. कंपायलरने त्या ओळीवर आरडाओरडा केला तर उत्तम: तुमची फाइल कंपाइल होते आहे, म्हणजे घोटाळा त्यापुढे आहे, बायनरीत (बिल्डमधून तयार झालेल्या प्रोग्रॅमच्या फाइलीत), प्रोसेसमध्ये (चालू असलेल्या प्रोग्रॅममध्ये) किंवा लायब्ररीत. कंपायलर गप्प राहिला तर घोटाळा त्याअलीकडे आहे: ही फाइल बिल्डमध्येच नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पायथनसारख्या भाषेत कंपाइलची वेगळी पायरी नसते. तिथे हा शब्द फंक्शनच्या बाहेर, फाइलच्या सुरुवातीलाच लिहा, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना किंवा ते मॉड्यूल इम्पोर्ट होताना कोसळला पाहिजे. नाही कोसळला, तर वेगळीच प्रत इम्पोर्ट होतेय. मॉड्यूलचा ‘डंडर फाइल’ (‘फाइल’च्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर) हा गुणधर्म छापला की ती कुठली हे लगेच कळतं.

कंपायलर ओरडला, तर मोडतोड काढून टाका आणि त्याच जागी डोळ्यांना दिसेल असा बदल करा. विंडोचं शीर्षकच ‘झेंडू’ करा. पुढच्या प्रत्येक तपासणीनंतर ते शीर्षक पाहायचं, म्हणजे ‘बहुतेक बदललं वाटतं’ असा संशय उरत नाही.

जुनी प्रोसेस अजून जिवंत आहे का?

मी पाहिलेल्या प्रकरणांत हे कारण सर्वांत जास्त वेळा निघालं, म्हणून इथे जरा थांबू.

आजचे बरेच डेस्कटॉप प्रोग्रॅम एका वेळी एकदाच चालतात. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपच्या जगात हे काम जीॲप्लिकेशन करतं. तुम्ही दुसऱ्यांदा प्रोग्रॅम सुरू केला की नवी प्रोसेस डी-बसवर (प्रोग्रॅम एकमेकांना निरोप देतात ती वाट) चौकशी करते, ‘या नावाचं कुणी आधीच आहे का?’ असेल, तर ‘विंडो उघड’ एवढा निरोप त्याला देते आणि स्वतः बंद होते. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या प्रोग्रॅममध्ये केडीबससर्व्हिस हेच करू शकतं. लिबरऑफिस आणि फायरफॉक्सही, तेच प्रोफाइल वापरात असेल तर, चालू असलेल्या प्रोसेसलाच विंडो उघडायला सांगतात. म्हणजे तुम्ही मोठ्या अपेक्षेने नवी बायनरी चालवता, ती जुन्या प्रोसेसला निरोप देऊन निवृत्त होते आणि तुमच्यासमोर येते ती जुन्या कोडची विंडो. प्रॉम्प्ट लगेच परत येण्याचं कारण हेच.

‘पण मी सगळ्या विंडो बंद केल्या होत्या.’ केल्या असतील. काही प्रोग्रॅम विंडो गेल्यावरही पार्श्वभूमीला चालू राहतात: कुणी सूचना देण्यासाठी, कुणी शोधाच्या सेवेसाठी, कुणी पुढच्या वेळी पटकन उघडावं म्हणून. मी एकदा कॅलेंडरच्या एका प्रोग्रॅममधल्या एका चौकटीची रुंदी दुरुस्त करताना दोन संध्याकाळी घालवल्या. रुंदी पहिल्या दहा मिनिटांतच दुरुस्त झाली होती. सकाळी मशीन सुरू केल्यापासून जुनी प्रोसेस आठवण द्यायला मागे बसली होती आणि मी दर वेळी तिचीच विंडो बघत होतो.

काय करायचं: ‘पीग्रेप -ए’ला प्रोग्रॅमचं नाव देऊन चालू प्रोसेस शोधा. मग प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाचं फोल्डर असतं, त्यात ‘एक्झी’ नावाची लिंक असते. ‘रीडलिंक’ने ती वाचा. चालू असलेला प्रोग्रॅम डिस्कवरच्या कोणत्या फाइलमधून आला हे ती सांगते, आणि तिच्यावर वाद घालता येत नाही. मार्गाच्या शेवटी कंसात ‘डिलीटेड’ दिसलं, तर ही प्रोसेस जुन्या बायनरीची आहे. फाइल बदलली, प्रोसेस तशीच राहिली. लिनक्स चालू असलेल्या प्रोग्रॅमची फाइल बिनबोभाट बदलू देतं. विंडोजवर चालू प्रोग्रॅमची फाइल कुलूपबंद असते, त्यामुळे तिथे लिंकरच एरर देतो. त्रास होतो, पण निदान कळतं तरी. मॅकवर ‘ओपन’ ही कमांड चालू असलेल्या प्रतीलाच पुढे आणते, नवी प्रत हवी असेल तर ‘ओपन -एन’ द्यावं लागतं.

जुनी प्रोसेस नीट बंद करा. आपली रोजची कामाची प्रत बंद करायची नसेल, तर चाचणीसाठी वेगळं प्रोफाइल घ्या. लिबरऑफिसला सुरू करतानाच वेगळं ‘यूझर इन्स्टॉलेशन’ फोल्डर देता येतं. यात दुसरा फायदाही आहे: तुमच्या खऱ्या सेटिंग्ज अर्धवट कोडच्या हाती लागत नाहीत.

शेल कोणती फाइल उचलतंय?

टर्मिनलवर फक्त नाव टाइप केलं तर शेल पाथमधल्या फोल्डरांत क्रमाने शोधतं आणि पहिली सापडेल ती चालवतं. तुमचं बिल्ड फोल्डर त्या पाथमध्ये नसतंच. म्हणून पूर्ण मार्ग देऊनच चालवा.

इन्स्टॉल करून पाहत असाल तर आणखी एक गंमत आहे. बॅश एकदा सापडलेला मार्ग लक्षात ठेवतं. आधी सिस्टिमची प्रत चालवली, मग नवी ‘यूएसआर लोकल’मध्ये इन्स्टॉल केली, तरी त्याच टर्मिनलमध्ये बॅश जुन्याच पत्त्यावर जातं. ‘हॅश -आर’ दिलं की ही आठवण पुसली जाते. ‘व्हिच’ इथे फसवू शकतं, कारण बऱ्याच ठिकाणी ती स्वतंत्र कमांड आहे आणि बॅशच्या आठवणीचा तिला पत्ता नसतो. ‘टाइप’ ही शेलचीच कमांड वापरा.

मेनूतलं आयकॉन म्हणजे एक डेस्कटॉप फाइल असते आणि तिच्या ‘एक्झेक’ ओळीत असेल तेच चालतं. शिवाय मेनूवरून चालवलेल्या प्रोग्रॅमला तुमच्या टर्मिनलमधला पाथ मिळेलच असं नाही. चाचणी चालू आहे तोवर आयकॉन विसरा.

फाइल बिल्डमध्येच नसेल तर

मोडतोडीच्या चाचणीत कंपायलर गप्प राहिला असेल त्यांच्यासाठी हे. नवी फाइल असेल तर मेसन किंवा सीमेक या बिल्डची आखणी करणाऱ्या साधनांच्या यादीत ती लिहिली आहे का ते पाहा. सीमेकमध्ये ‘ग्लोब’ने फाइली गोळा केल्या असतील तर पुन्हा कॉन्फिगर (बिल्डआधीची तयारीची पायरी) केल्याशिवाय नवी फाइल त्याला सहसा दिसत नाही. जुनीच फाइल असेल तर तिचा तो भाग ‘इफडेफ’च्या (अट पुरी झाली तरच कंपाइल होणाऱ्या भागाच्या) आत आहे का? एखादी ऐच्छिक लायब्ररी मशीनवर नसेल, तर कॉन्फिगर मुकाट्याने ते अख्खं वैशिष्ट्य वगळतं. कॉन्फिगरच्या शेवटी येणारा तो लांबलचक सारांश कुणी वाचत नाही, पण उत्तर तिथेच ‘नो’ म्हणून लिहिलेलं असतं.

याचा चुलतभाऊ म्हणजे फाइल कंपाइल होते, पण वापरली जात नाही. लिबरऑफिसमध्ये खिडक्या-बटणं रंगवणारा थर प्रत्येक वातावरणासाठी वेगळा आहे: जीटीकेचा वेगळा, क्यूटीचा वेगळा, विंडोजचा वेगळा. जीटीकेच्या फोल्डरमध्ये बदल करून केडीईवर (तिथे सहसा क्यूटीवरचा थर असतो) चालवलं, तर तो बदल दिसणार नाही आणि त्यात कुणाचीच चूक नाही. ‘अबाउट’ची चौकट उघडा, ‘व्हीसीएल’पुढे सध्याचा थर लिहिलेला असतो. दुसरा थर निवडायला वेगळा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे.

बदल कोडमध्ये नसून सजावटीत असेल तर

यूआय फाइल (खिडक्या-बटणांची मांडणी), आयकॉन, डिफॉल्ट सेटिंग, भाषांतर यांचे रस्ते वेगळे असतात.

डिफॉल्ट बदलला आणि फरक पडला नाही, तर बहुधा तुमच्या खात्यात ती सेटिंग आधीच साठवलेली आहे. साठवलेल्या किमतीपुढे डिफॉल्टचं काही चालत नाही. ‘जीसेटिंग्ज रीसेट’ करा, किंवा त्याहून सोपं, मशीनवर नवं युझर खातं काढून तिथे चालवा. जीसेटिंग्जचा स्कीमा (सेटिंग्जची व्याख्या) बदलला असेल तर तो कंपाइलही व्हावा लागतो, नुसती एक्सएमएल फाइल कुणी वाचत नाही.

जीटीके प्रोग्रॅमच्या यूआय फाइली बहुधा जीरिसोर्सच्या रूपात बायनरीच्या पोटात जातात. डिस्कवरची फाइल बदलली तरी पुन्हा बिल्ड होईपर्यंत आतली जुनीच राहते. विंडो चालू असताना कंट्रोल-शिफ्ट-डी दाबून सहसा जीटीके इन्स्पेक्टर उघडतो. त्यात आतली रचना प्रत्यक्ष दिसते.

भाषांतर करणाऱ्यांसाठी खास: पीओ फाइलमध्ये (मूळ वाक्यं आणि त्यांची भाषांतरं असतात ती) वाक्य दुरुस्त केलं, पण त्यावरची ‘फझी’ (अजून तपासायचं) ही खूण काढायची राहिली, तर ‘एमएसजीएफएमटी’ (पीओ फाइल प्रोग्रॅमसाठी तयार करणारी कमांड) ते वाक्य वगळून पुढे जातं. एररही देत नाही. भाषांतर केलेलं असूनही मेनूत इंग्रजी दिसण्यामागे बहुतेकदा ही खूण असते. याउलट, प्रोग्रॅमरने मूळ वाक्यात नुसता एक पूर्णविराम वाढवला तरी जुनं भाषांतर जुळत नाही आणि मूळ वाक्य दिसू लागतं.

फ्लॅटपॅक

फ्लॅटपॅक ही प्रोग्रॅम वाटायची एक पद्धत. त्यातला प्रोग्रॅम स्वतःच्या कुंपणात चालतो. त्याच्या लेखी ‘यूएसआर’ म्हणजे रनटाइमचं (फ्लॅटपॅकने पुरवलेल्या लायब्ररींच्या संचाचं), तुमच्या मशीनचं नव्हे. तुम्ही बाहेर काहीही इन्स्टॉल करा, आत पोचत नाही. फ्लॅटपॅक-बिल्डर हाताने चालवत असाल तर मॅनिफेस्टमधला (बिल्डची कृती लिहिलेल्या फाइलीतला) स्रोत पाहा: तिथे ‘गिट’ आणि प्रकल्पाचा पत्ता असेल, तर तो दर वेळी मूळ कोड उतरवून तोच बिल्ड करतो. तुमच्या फोल्डरकडे ढुंकूनही बघत नाही. तिथे ‘डिर’ प्रकार आणि तुमच्या फोल्डरचा मार्ग द्या.

लायब्ररी कुठून येतेय?

इथून पुढे काम अवघड होतं. बायनरी नवी आहे, प्रोसेस नवी आहे, पण बदल एका शेअर्ड लायब्ररीत (अनेक प्रोग्रॅम वापरू शकतात अशा वेगळ्या फाइलीत) केला होता आणि प्रोग्रॅम सिस्टिममधली लायब्ररी उचलतोय.

‘एलडीडी’ला बायनरीचा मार्ग द्या. प्रत्येक लायब्ररीपुढे ती कुठून येणार ते दिसतं. यादीऐवजी ‘ही डायनॅमिक एक्झिक्युटेबल नाही’ असं उत्तर आलं, तर तुम्ही ऑटोटूल्स या जुन्या बिल्ड साधनाच्या प्रकल्पात असण्याची शक्यता आहे. तिथे बिल्ड फोल्डरमधली फाइल ही लिबटूलची शेल स्क्रिप्ट असते, खरी बायनरी ‘डॉट लिब्ज’ या लपलेल्या फोल्डरमध्ये असते.

प्लगइन मात्र एलडीडीत दिसत नाहीत, कारण ते प्रोग्रॅम सुरू झाल्यावर लोड होतात. त्यासाठी प्रॉकमधल्या त्याच फोल्डरची ‘मॅप्स’ फाइल वाचा. त्या घडीला मेमरीत असलेली प्रत्येक लायब्ररी तिथे पूर्ण मार्गासकट मिळते. क्यूटीच्या प्लगइनसाठी ‘क्यूटी डीबग प्लगइन्स’ हा व्हेरिएबल 1 केला की शोधाची सगळी हकीकत टर्मिनलवर येते.

उपाय म्हणून लोक थेट ‘एलडी लायब्ररी पाथ’ (लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारा व्हेरिएबल) लावतात. तात्पुरता ठीक आहे. पण बायनरीत ‘आरपाथ’ (लायब्ररी शोधायचा मार्ग) कोरलेला असेल तर तो या व्हेरिएबलच्या आधी पाहिला जातो, आणि ‘रनपाथ’ असेल तर नंतर. एकच व्हेरिएबल एका प्रकल्पात चालतो आणि दुसऱ्यात नाही, त्याचं कारण हे. हा व्हेरिएबल बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना दर वेळी वाचली जाणारी फाइल) कायमचा लिहू नका, महिन्याभराने भलताच प्रोग्रॅम कोसळेल आणि तुम्हाला आठवणारही नाही. मेसनच्या प्रकल्पात ‘मेसन डेव्हएन्व्ह’ दिलं की बिल्ड फोल्डरसाठी लागणारे व्हेरिएबल लावलेलं शेल मिळतं, आवृत्ती 0.58 पासून ही सोय आहे. केडीईच्या बिल्डमध्ये ‘प्रिफिक्स डॉट एसएच’ स्क्रिप्ट यासाठीच असते. प्रकल्पाने दिलेला रस्ता असेल तर तोच वापरा.

सगळं पुसून पुन्हा बिल्ड

हे मी मुद्दाम इतकं खाली ठेवलंय. बहुतेक जण सुरुवात इथून करतात आणि मोठ्या प्रकल्पात तासन्‌तास घालवतात. शिवाय पुसल्यावर पुरावाही जातो: अडचण गेली तरी ती का आली होती हे कळत नाही, मग पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

कधी गरज पडते? मेक आणि निंजा दोघेही फाइलच्या वेळेवरून ठरवतात की काय जुनं झालं. 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक जन्मला तेव्हापासून ही पद्धत आहे. व्हर्च्युअल मशीनचं घड्याळ मागे पडलं, किंवा नेटवर्कवरचं फोल्डर वेगळी वेळ सांगू लागलं, की हिशेब चुकतो. ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ असा इशारा दिसला तर आधी घड्याळ ठीक करा. सीकॅशवर (आधी कंपाइल झालेलं पुन्हा वापरणारं साधन) लोक फार संशय घेतात. तो स्रोताच्या मजकुराचा हॅश पाहतो, आणि मला तरी तो एकदाही दोषी सापडलेला नाही.

बिल्ड फोल्डर वेगळं असेल तर तेवढंच काढून नवं करा. ‘गिट क्लीन -एफडीएक्स’ वापरणार असाल तर आधी ‘एफ’च्या जागी ‘एन’ देऊन काय काय जाणार ती यादी वाचा. गिटमध्ये अजून न घातलेली तुमची नवी फाइलही त्यात जाते, आणि परत येत नाही.

कुठे थांबायचं

सगळं पुसून केलेलं बिल्ड सोडलं, तर वरचं सगळं क्रमाने करायला दीड-दोन तास पुरतात. त्यानंतरही ‘झेंडू’ दिसला नाही तर थांबा आणि प्रकल्पाच्या मेंटेनरना किंवा बिल्ड सांभाळणाऱ्यांना विचारा. विचारताना पाच गोष्टी मजकूर म्हणून द्या: कमिटचा क्रमांक, कॉन्फिगरचा सारांश, प्रोग्रॅम चालवायची नेमकी कमांड, ‘एक्झी’ लिंकचं उत्तर आणि मोडतोडीच्या चाचणीचा निकाल. स्क्रीनचा फोटो नको, त्यातून काही कॉपी करता येत नाही.

दोन ठिकाणी मात्र दोन तासही वाट पाहू नका. सुडो लावून थेट ‘यूएसआर’मध्ये इन्स्टॉल केलं असेल आणि आता दुसरे प्रोग्रॅमही कोसळत असतील, किंवा लॉगिनच होत नसेल, तर आणखी काहीही इन्स्टॉल करू नका. पॅकेज मॅनेजरच्या फाइलींवर तुमच्या फाइली चढल्या आहेत. महत्त्वाचा डेटा लाइव्ह यूएसबीवरून बाहेर काढा आणि सिस्टिमची माहिती असलेल्या माणसाला बसवा. मशीन ऑफिसचं असेल तर तिथल्या ॲडमिनला लगेच सांगा. दुसरं, तुमचा बदल डेस्कटॉप शेल, लॉगिन मॅनेजर किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये असेल, तर एकुलत्या एक मशीनवर तो चालवून पाहूच नका. व्हर्च्युअल मशीन घ्या.

आणि बदल दिसला, पॅच पाठवायची वेळ आली, की आधी ‘गिट डिफ’ वाचा. माझा एक पॅच विंडोच्या शीर्षकासकट रिव्ह्यूला गेला होता. मेंटेनरने बाकी कोड मंजूर करून खाली एकच प्रश्न विचारला: झेंडू म्हणजे काय?